वन्संचा गसेट

आमच्या वन्संसमोर कुणी नवा इंग्रजी शब्द उच्चारला, की मी गुपचूप चपला शोधायला लागते. थोड्याच वेळात आम्ही दोघी रस्त्यावर असणार, हे ठरलेलं. पुढे वन्सं, काठी टेकायच्या ऐवजी बगलेत मारलेली. मागे मी, त्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि माझं विणकाम सांभाळत.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून लहान, पण नणंद ती नणंद, म्हणून मी जन्मभर 'अहो वन्सं' करत आले आणि त्याही मला 'अहो वहिनी' करतात. त्यामुळे आमची भांडणंसुद्धा फार अदबीने होतात. लग्न त्यांनी केलं नाही. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. त्या माझ्याकडे राहतात की मी त्यांच्याकडे, यावर अजून एकमत नाही. घर माझं, पण बाहेरच्या खोलीतलं टेबल, खिडकी आणि दिवा त्यांच्या ताब्यात. मला उरलं स्वयंपाकघर आणि कोपऱ्यातली खुर्ची.

नोकरी त्यांनी एका तांत्रिक शाळेच्या कचेरीत केली, टायपिस्ट म्हणून. बोटांकडे न बघता टाइप करायच्या. शाळेला कोण कौतुक! पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम कचेरीत आणत, आणि वन्सं खिडकीबाहेर बघत सबंध पान बडवून काढत. पत्रं, प्रश्नपत्रिका, यंत्रांची माहिती, सगळं त्यांच्या बोटांतून गेलं. निवृत्त होताना शाळेने त्यांच्यावर एक काम सोपवलं. कारागिरीतल्या इंग्रजी शब्दांचा, शिकणाऱ्या मुलांसाठी, छोटासा मराठी कोश करा. छोटासा, असं शाळा म्हणाली होती. शाळेत इतकी वर्षं काढूनही शाळेने वन्संना ओळखलं नव्हतं.

"वहिनी, आयुष्यभर मी न बघता टाइप केलं," त्या मला म्हणाल्या. "कितीतरी वस्तूंची नावं मी लिहिली, पण वस्तू समोर आली तर ओळखणार नाही. आता बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायची नाही."

मी आपली 'बरं' म्हणाले. चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला काय कल्पना, की त्या एका 'बरं'ने माझी म्हातारपणची विश्रांती गेली.

त्यांची पद्धत अशी. एका शब्दाला एक जाड कागदाचा पत्ता. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वस्तूचं छोटं चित्र. आणि वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच अर्थापुढे बरोबरची खूण. खूण नसलेला पत्ता खोक्यात जायचा नाही. एका शब्दाचे चार अर्थ असले तर चारही वस्तू बघायच्या. खोकी चपलांची. आमच्या घरात चपला कमी आणि चपलांची खोकी जास्त.

एफपर्यंत आम्ही रडतखडत पोचलो. मग जी आला, आणि जीमध्ये तो गसेट.

सुरुवात साधी झाली. गसेट म्हणजे कपड्याला काखेत लावतात तो चौकोनी किंवा तिरका तुकडा, हात वर करताना कापड ताणून फाटू नये म्हणून. आम्ही कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. दुकानात गिऱ्हाइकं उभी. वन्संनी शिंप्याला त्यानेच शिवलेला सदरा अंगात घालायला लावला आणि म्हणाल्या, "हात वर करा." त्याने केला. "अजून वर." बिचारा टेप गळ्यात घालून रहदारीच्या पोलिसासारखा उभा, आणि या त्याच्या काखेत नाक घालून चित्र काढताहेत.

"ताई, खाली घेऊ का हात?" शिंप्याने विचारलं.

"तुकडा ताणला जातोय का ते बघू द्या. आता खाली. आता परत वर."

गिऱ्हाइकांपैकी एक बाई माझ्या कानाशी लागली, "काही आजार आहे का हो यांना?"

"आहे," मी म्हटलं. "पण औषध नाही."

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! वाणसामानाच्या दुकानात कळलं, की कागदी पिशवीच्या बाजूला जी आत मुडपलेली घडी असते, पिशवी भरली की उघडते, तीही गसेट. वन्संनी दुकानातल्या सगळ्या मापांच्या पिशव्या उघडमीट करून पाहिल्या. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "आजी, हवी ती पिशवी घेऊन जा, पण जा."

आणि मग लोखंडाचा गसेट. छपराच्या सांगाड्यात दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे मारलेला पत्र्याचा त्रिकोण. इथे वन्सं चिडल्या.

"वहिनी, शिंपी गसेट लावतो ते जोड मोकळा हलावा म्हणून. वेल्डर लावतो ते जोड अजिबात हलू नये म्हणून. शब्द तोच. मग याचा मूळ अर्थ कुठला?"

"मला काय विचारता? मला तर दोन्ही आजच कळले."

"तुम्हाला नुसता राग येतो. विचार येत नाही."

"विचार करायला खाली बसावं लागतं, वन्सं. तुम्ही बसू देता का?"

वेल्डरची शेड गावाबाहेरच्या रस्त्यावर. मी दाराशी उलट्या घातलेल्या डब्यावर बसून विणायला घेतलं, नातीचा स्वेटर. हल्लीची लोकर फार वाईट येते, टाके सुटत राहतात, मला सारखं उसवावं लागतं. उसवताना मान वर केली तर वन्सं शिडीवर! वेल्डर खाली उभा राहून ओरडतोय, "अहो आई, खाली उतरा, मी तुम्हाला तसाच तुकडा हातात देतो!" पण नाही. सांगाड्यात बसलेला बघायचा होता ना.

चढल्या त्या ठीक. उतरताना मात्र त्यांनी शेवटची पायरी सोडून त्याच्या शेजारच्या हवेवर पाय ठेवला. वेल्डरने हातमोज्यासकट धरलं म्हणून बरं, नाहीतर माझ्या अंगावरच आल्या असत्या. उभ्या राहिल्यावर साडेसाती टळल्यासारखं मी विचारलं, "पायरी दिसली नाही का?"

"दिसली," वन्सं म्हणाल्या. "दोन दिसल्या. मी चुकीची निवडली."

तेव्हा मला कळलं. त्या वर जाऊन गसेट बघत नव्हत्या, बोटांनी चाचपत होत्या. चित्र हाताच्या अंदाजाने काढलं होतं. गेले कित्येक दिवस दिव्याखाली पत्ता नाकाला लावून बसायच्या, ते मला वाटायचं लक्ष लागलंय म्हणून.

नातीला फोन केला. नात याच गावात नोकरी करते, आजीपेक्षा शहाणी आहे. तिने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बाईंनी दिवा मारून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय. आता लांबवला तर डोळ्यात दाब वाढेल, आणि मग गेलेली नजर कुणालाच परत आणता येणार नाही. उजवा त्याच वाटेवर आहे. पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात नको," वन्सं म्हणाल्या. "गसेट संपू दे."

"कोण संपू दे?" बाईंनी विचारलं.

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या आठवड्याची वेळ वन्संनी परस्पर रद्द केली. नातीने पुन्हा घेतली, त्यांनी पुन्हा रद्द केली. मी बोलले, ओरडले, एक दिवस जेवले नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, त्यामुळे माझंच नुकसान झालं. टेबलावर पत्ता तसाच पडून. तीन अर्थांपुढे खुणा, चौथ्यापुढे मोकळी जागा.

चौथा अर्थ सगळ्यात जुना, वन्संच्या मते सगळ्यांचा बाप. जुन्या काळचे योद्धे लोखंडी पत्र्याचं चिलखत घालत. पण काखेत पत्रा लावला तर तलवार उचलणार कशी? म्हणून तिथे कड्यांची जाळी लावत. ती गसेट. हलू पण देते आणि वार पण आत जाऊ देत नाही.

"म्हणजे बघा, वहिनी, शिंपी आणि वेल्डर दोघांचंही काम त्या जाळीत आहे. ती बघितली की सगळं जुळतं."

"लोहारकाम शिकणाऱ्या पोरांना चिलखत कशाला? ती काय लढाईला निघालीत?"

"शब्द घेतला की पुरा घ्यायचा."

"मग पुस्तकात बघून लिहा ना."

"आणि पुस्तक लिहिणाऱ्याने आणखी कुठल्या पुस्तकात बघून लिहिलं असेल तर?"

मी आत जाऊन भांडी जोरात घासली.

गावात एक वस्तुसंग्रहालय आहे आणि त्यात एक चिलखत आहे, हे वन्संनी शोधून काढलंच. बसथांब्यावरच्या बाकावर बसलो असताना मी शेवटचं सांगून पाहिलं. "वन्सं, आधी डोळा करून घ्या. चिलखत कुठे पळून जात नाही. इतकी वर्षं उभंच आहे ते."

त्यांनी काठी बाकाला टेकवली. मग बसच्या पाटीकडे बघत म्हणाल्या, "आत्ता मला थोडं तरी दिसतंय. टेबलावर झोपवल्यावर पुन्हा दिसेलच, असं कोणी लिहून देतं का? आहे त्या नजरेत काय बघायचं ते बघून घेते."

एवढ्या वर्षांत त्यांना कशाची भीती वाटते, हे त्यांनी कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. मी त्यांचा हात धरायला गेले. मग वन्सं म्हणाल्या, "ही आपली बस का?" आणि ती बस नव्हतीच, कचऱ्याची गाडी होती. मी हात मागे घेतला आणि मला संताप आला. कचऱ्याच्या गाडीला हात करणारी बाई काखेतली जाळी बघायला निघाली होती.

संग्रहालयात चिलखत एका लाकडी चौथऱ्यावर, भोवती जाड दोरी. जवळ स्टुलावर पहारेकरी बसलेला. वन्संनी डोळे बारीक केले, मोठे केले, मान वाकडी केली. काही उपयोग नाही. मुळात त्या योद्ध्याचे दोन्ही हात खाली! काख मिटलेली. वरून कुणालाच काही दिसायचं नाही.

"याचा हात जरा वर करता का?" वन्संनी पहारेकऱ्याला विचारलं.

"आजी, हात वर केला तर माझी नोकरी खाली येईल."

"मग खालून बघू."

त्या खाली बसायला लागल्या. मी त्यांना धरलं. "थांबा. पडलात तर दोघींना उचलायला कोण येणार? मी बघते."

आणि मी, गुडघे कुरकुरत असताना, त्या थंड फरशीवर बसले, मग एका कोपरावर झाले, मग सरळ आडवीच झाले आणि दोरीखालून डोकं आत घातलं. पहारेकरी धावत आला. "अहो, चक्कर आली का यांना?"

"नाही, बघतायत," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"काख."

तो माणूस चांगला. त्याने खिशातली बॅटरी काढून माझ्या हातात दिली. मी उजेड टाकला. दंडाचा पत्रा आणि छातीचा पत्रा, त्यांच्या मधे राखाडी, चकाकणारी जाळी. कडीत कडी, कडीत कडी.

"दिसलं?" वरून आवाज आला.

"दिसलं."

"काय आहे? जसंच्या तसं सांगा. कड्या गोल की चपट्या? वीण घट्ट की सैल?"

वन्संनी पत्ता आणि पेन्सिल काढली. पेन्सिल पत्त्याच्या बाहेर टेकली होती, हे मला खालून दिसत होतं. तिथे, पाठीखाली फरशी आणि डोक्यावर लोखंडी माणूस, अशा अवस्थेत माझी सहनशक्ती संपली.

"सांगणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बघितलं मी. तुम्ही नाही. मग खूण तुम्ही कशी करणार? नियम तुमचाच आहे."

"वहिनी, थट्टा पुरे."

"थट्टा करायला कुणी फरशीवर लोळत नाही. डोळा करून घ्या, मग या आणि स्वतः बघा. तोपर्यंत माझ्या तोंडून एक कडीसुद्धा बाहेर पडणार नाही."

"सांगून टाका ना आजी," पहारेकरी म्हणाला. "मलाही कळेल."

"तुम्ही रोज इथे बसता, तुम्हाला माहीत नाही?"

"मी त्याच्या तोंडाकडे बघतो. काखेत कशाला बघू?"

वन्संनी पत्ता पिशवीत टाकला आणि तरातरा निघाल्या. भिंतीच्या दिशेने. पहारेकऱ्याने त्यांना वळवलं आणि मला उठवलं.

त्यानंतर अबोला. अदबीचा अबोला फार जड असतो. जेवताना त्या समोरच्या भिंतीला सांगायच्या, "आमटीत मीठ घालायचं राहिलंय, असं कुणीतरी कळवावं." मी पातेल्याला सांगायची, "पुढ्यात मिठाची वाटी आहे, दिसत नसेल तर कुणीतरी डॉक्टरकडे जावं." नात एकदा येऊन हे ऐकून गेली आणि दारात जाऊन हसली.

एका सकाळी मी खोलीत आले तर वन्सं फोनवर. "हो, डावा आधी. नाही, या वेळी रद्द होणार नाही. एका बाईने माझा शब्द अडवून ठेवलाय."

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तोंडाने मात्र म्हणाल्या, "अजूनही सांगू शकता." मी मान हलवली. दार लागल्यावर मी बाहेर बसून विणायचा प्रयत्न केला आणि जेवढं विणलं तेवढं उसवलं.

घरी आल्यावर मी डोळ्यात थेंब घालायची. प्रत्येक थेंबाला प्रश्न.

"जाळी बारीक होती की जाड?"

"डोळा मिटा."

"निदान रंग?"

"मिटा म्हटलं ना."

आणि नजर आली. चांगली लख्ख आली. माझ्या जिवाला तेवढाच नवा ताप. "वहिनी, छताला जळमटं आहेत." "वहिनी, हा पेला धुतलाय का?" मग माझ्याकडे निरखून, "अगंबाई, केवढ्या म्हाताऱ्या झालात हो तुम्ही!" नातीचा स्वेटर उचलून म्हणाल्या, "हे काय? बाहीत भोकं पडलीत." मी सांगितलं, लोकर वाईट आहे. त्यांनी लोकर बोटांत धरून ओढून पाहिली.

डॉक्टरीणबाईंनी वाकायची परवानगी दिली त्याच दिवशी आम्ही संग्रहालयात. पहारेकरी आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि विचारायच्या आधीच बॅटरी काढली. या वेळी वन्सं आडव्या झाल्या. मी उभी, हात कमरेवर, जिंकल्यासारखी. आता कळेल, म्हटलं, कडीत कडी कशी असते ती.

आतून बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरत राहिला. मग हसणं ऐकू आलं. वन्सं हसतायत हे कळायला मला वेळ लागला, कारण त्या क्वचितच हसतात.

"काय झालं?"

"वहिनी, ही लोकर आहे."

"कसली लोकर?"

"जाडी लोकर. सुयांवर विणलेली. वरून चंदेरी रंग फासलाय. दोन सुलट, दोन उलट. तुमचीच वीण."

पहारेकऱ्याने आतून संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंना बोलावून आणलं. त्या बाई पार ओशाळल्या. खरी जाळी फार पूर्वी गंजून गळाली होती, कुणीतरी नाटकाच्या सामानातली तात्पुरती लावली, आणि ती तशीच राहिली. पाटीवर मात्र 'अस्सल' लिहिलेलं. "इतक्या वर्षांत कुणी काखेत बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. खरी जाळी लावलेलं चिलखत कुठल्या शहरात आहे, तेही त्यांनी सांगितलं. रात्रभराच्या गाडीचं अंतर. वन्संचा चेहरा असा उजळला, की मला तिथेच चपला काढून फेकाव्यात असं वाटलं.

दारातून बाहेर पडताना त्या थबकल्या.

"वहिनी, तुम्ही तर बॅटरी लावून, हातभर अंतरावरून बघितलंत."

"अंधार होता."

"जन्मभर सुया हातात घेऊन बसलेल्या तुम्ही. आणि तुम्हाला ते लोखंड वाटलं?"

"चंदेरी होतं, वन्सं. चकाकत होतं."

"मी तुमच्या सांगण्यावरून लिहिलं असतं तर? लोखंडी कड्या म्हणून पोरांनी वाचलं असतं." आणि मग आवाज बदलून, "भोकं लोकरीमुळे पडत नाहीत ना, वहिनी?"

मी रस्त्यापलीकडे बघायला लागले. तिकडे एक पाटी होती. वाचायचा प्रयत्न केला.

वन्संनी तिथेच पायरीवर उभं राहून फोन लावला. "माझ्या वहिनींसाठी वेळ हवी. हो, लवकरात लवकर."

"इतकी काय घाई?" मी म्हटलं. "आधी नातीचा स्वेटर पुरा होऊ दे."

"कोण पुरा होऊ दे?" वन्संनी विचारलं, अगदी डॉक्टरीणबाईंच्या आवाजात, आणि माझ्या खांद्यावरची विणकामाची पिशवी काढून घेतली. ती अजून त्यांच्याच कपाटात आहे, गसेटच्या पत्त्याशेजारी. पत्त्यावर चौथी खूण नाही. दुसऱ्या शहराची गाडी कधीची घ्यायची ते माझा डोळा झाल्यावर ठरवायचं आहे. या वेळी दोघींनी बघायचं, असं त्या म्हणतात, आणि जुळलं तरच लिहायचं.

मी डॉक्टरीणबाईंची वेळ अजून तरी रद्द केलेली नाही. फोन वन्संच्या टेबलावर असतो.